पानशेतची काठी हरिहरेश्वरला का मोडते? खडपात गरवायला जाण्याआधी एवढं वाचाच

पावसाळा सरला की पुण्यातून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणाऱ्या गाड्यांमध्ये आता एक नवीन वस्तू दिसते. मागच्या सीटवरून थेट डॅशबोर्डपर्यंत आलेली मासे पकडायची काठी. रील्सवर कुणीतरी खडकावर उभं राहून हातभर लांबीची तांबोशी वर काढताना दिसतं, खाली शंभर जण 'लोकेशन प्लीज' लिहितात आणि पुढच्या शनिवारी त्यातले चारजण हरिहरेश्वर, कोर्लई नाहीतर वेळणेश्वरच्या खडकांवर पोहोचतात.

सोबत असते ती पानशेतला किंवा उजनीच्या पाण्यात रोहू, कटला, तिलापिया धरायला घेतलेली सहा-सात फुटांची काठी. पहिल्या तासात दोन शिसं खडकात अडकून जातात. तिसरं अडकतं तेव्हा वैतागून जोर लावला जातो आणि काठी मधोमध तुटते. दोष कंपनीचा नसतो. ती काठी या कामासाठी बनवलेलीच नसते.

मग कोणती बनवलेली असते? त्यासाठी आधी किनारा समजून घ्यावा लागेल.

खडप म्हणजे नेमकं काय?

कोकणात समुद्राकाठच्या खडकाळ पट्ट्याला खडप म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणं. रायगडच्या किनाऱ्यावर हे खडप बहुतेक काळ्या बेसाल्टचं आहे, म्हणजे सह्याद्री ज्या लाव्हापासून बनला तोच दगड. लाटांनी तो हजारो वर्षं झिजवला की ओहोटीला उघडे पडणारे सपाट ओटे तयार होतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर ते फार छान दिसतात. रत्नागिरीकडे सरकलं की जांभा लागतो. हा दगड भोकाभोकांचा. त्यात शिसं एकदा शिरलं की बाहेर येण्याचं नाव घेत नाही.

या दगडांवर कालवं चिकटलेली असतात. त्यांची कड ब्लेडसारखी असते. फटींमध्ये खेकडे, छोटी कोळंबी, शेवाळ. भरतीचं पाणी चढायला लागलं की हे खायला मोठे मासे आत येतात. तांबोशी, हेकरू, जिताडा, शिंगाळा. यातल्या तांबोशी आणि हेकरूची एक खोड आहे. गळ लागला की ते समुद्राकडे पळत नाहीत, थेट आपल्या कपारीत घुसतात. पहिल्या चार-पाच सेकंदांत मासा खडकापासून वर उचलला नाही तर तंगूस कालवांवर घासून तुटते आणि माणूस रिकामी दोरी गुंडाळत बसतो. (तंगूस म्हणजे नायलॉनची एकेरी पारदर्शक दोरी. दुकानात 'मोनो' म्हणून मागितली तरी हीच मिळते.)

म्हणजे खडपातल्या काठीला तीन कामं करायची असतात. जड शिसं झेपवायचं, दोरी खडकाच्या कडेवरून उंच धरायची आणि मासा कपारीत शिरण्याआधी त्याला वर खेचायचं. लांब फेकणं हे चौथं काम आहे आणि बहुतेक वेळा ते लागतच नाही. मासा इथे पायाखाली, २० ते ५० मीटरच्या आतच असतो. त्यामुळे 'शंभर मीटरहून लांब जाते' असं सांगून कुणी काठी विकत असेल तर ती वाळूच्या किनाऱ्यासाठी उत्तम असेल. तुमच्या कामाची असेलच असं नाही.

लांबी किती?

समुद्राच्या तळाला आमिष टाकून गरवायचं असेल तर १० ते १२ फूट. तुम्ही उभे आहात तो ओटा पाण्यात आणखी दोन-तीन मीटर पुढे गेलेला असतो. काठी आखूड असेल तर दोरी त्या ओट्याच्या कडेवर टेकते आणि प्रत्येक लाटेबरोबर घासत राहते. काठी लांब असली की दोरी वरून जाते. साधं कारण आहे.

मग १५ फुटांची का नको? कारण काठी ही तरफ आहे आणि या तरफेत फायदा माशाचा असतो, माणसाचा नाही. हिशेब करून बघा. समजा दोरीवर ३ किलोचा ताण आहे, पुढच्या हातापासून टोकापर्यंत ३ मीटर अंतर आहे आणि तुमच्या दोन हातांमध्ये ६० सेंटीमीटर. दोरी काठीशी काटकोनात असताना मागच्या हाताला १५ किलोचा जोर खाली लावावा लागतो आणि पुढच्या हाताला १८ किलो वर. तीन किलोच्या ताणासाठी! काठी आणखी लांब केली की हा आकडा आणखी वाढतो. त्यात पायाखाली ओला, शेवाळलेला दगड. म्हणून उंची बेताची असेल, सवय नसेल तर ११ फूट पुरे. खडकच पाण्यापासून बराच उंच असेल तर १० फुटांनीही काम होतं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. अडकलेलं शिसं काठीने ओढून सोडवायचं नसतं. काठी अडकलेल्या जागेकडे सरळ रोखायची, म्हणजे तिला बाक येत नाही. मग दोरी एका लाकडाच्या तुकड्याला दोन-तीन वेढे देऊन धरायची आणि हळूहळू मागे चालायचं. नुसत्या हाताला दोरी गुंडाळू नका, ती बोट कापते. मागे चालण्याआधी मागे काय आहे तेही बघून घ्या, कारण दोरी सुटली की माणूस पाठीवर पडतो.

काठीवरचे आकडे कसे वाचायचे?

काठीच्या खालच्या भागावर, मुठीच्या वर, बारीक अक्षरात काही लिहिलेलं असतं. बहुतेक जण फक्त लांबी बघतात. खरा आकडा पुढचा असतो, 'कास्टिंग वेट', म्हणजे ही काठी किती वजन फेकू शकते. तलावाच्या काठीवर तो १० ते ३० ग्रॅम किंवा त्याच्या आसपास असतो. खडपात लाटा आणि ओढ सांभाळायला शिसं लागतं १०० ते १५० ग्रॅमचं, वर आमिषाचं वजन वेगळं. म्हणून १०० ते २०० किंवा १०० ते २५० ग्रॅम लिहिलेली काठी घ्यावी. काही काठ्यांवर हे औंसमध्ये असतं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम, त्यामुळे ४ ते ८ औंस म्हणजे ११० ते २२५ ग्रॅम. कमाल आकड्याला टेकून फेकू नये. २०० ची काठी १५० ला सुखात राहते.

दुसरी गोष्ट बाक. दुकानात लोक काठी हवेत हलवून बघतात, त्यातून काही कळत नाही. रीळ लावा, दोरी सगळ्या कड्यांमधून ओवा आणि टोकाला दीड-दोन किलोचं वजन बांधून काठी हळूहळू उचला. जमिनीपासून साधारण ४५ अंशांपर्यंतच, त्याहून वर नाही. वरचा एक तृतीयांश भाग छान वाकला पाहिजे, मधला थोडा आणि खालचा जवळजवळ ताठ राहिला पाहिजे. काठी मुठीपर्यंत धनुष्यासारखी वाकली तर कपारीत घुसणारा मासा तिला ऐकणार नाही. उलट टोकही काठीसारखंच ताठ असेल तर लाटेच्या प्रत्येक हिसक्याला शिसं जागेवरून हलेल आणि नव्या फटीत जाऊन बसेल. टोक नरम, कंबर घट्ट. दुकानदार हे करून देत नसेल तर दुसरं दुकान बघावं.

कार्बन की फायबर ग्लास?

इंटरनेटवर एकच उत्तर मिळतं, कार्बन. ते हलकं आणि संवेदनशील असतं, हे खरं. पण खडपात काठी पडते, दगडाला आपटते, तिच्यावर चरे उमटतात. पातळ भिंतीच्या कार्बनला एक खोल चरा पुरतो. तो दिसत नाही आणि पुढच्या जोराला काठी नेमकी तिथेच तुटते. पूर्ण फायबर ग्लासची काठी असे मार सहन करते, पण १२ फुटांची ग्लासची काठी दिवसभर धरणं म्हणजे व्यायामच. म्हणून दोन्हींचं मिश्रण, दुकानात ज्याला 'कॉम्पोझिट' म्हणतात, ते खडपासाठी जास्त शहाणपणाचं. ते दिसायला साधं असतं आणि रीलमध्ये मिरवता येत नाही, एवढीच त्याची अडचण.

कार्बनबद्दल एक गोष्ट मात्र जीवावरची आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. ओली कार्बनची १२ फुटी काठी उभी धरून वाडीतल्या विजेच्या तारांखालून चालत जाऊ नका, आडवी धरा किंवा सुटी करून न्या. आणि मे अखेर किंवा ऑक्टोबरच्या दुपारी ढग गडगडायला लागले तर काठी खाली ठेवून खडकावरून निघा. उघड्या खडकावर सगळ्यात उंच वस्तू तुमच्याच हातात असते.

टेलिस्कोपिक घ्यावी का?

पुण्यातला माणूस बाइकवर निघतो, एसटीने निघतो, त्यामुळे एकात एक सरकणारी टेलिस्कोपिक काठी आकर्षक वाटते. रील, दोरी, गळ सगळं एकत्र मिळणारे स्वस्त सेट बहुधा याच प्रकारचे असतात. अडचण अशी की यात कड्या फक्त सांध्यांवर बसवता येतात, त्यामुळे ताण सारखा वाटला जात नाही. शिवाय सांध्यात वाळू आणि मीठ गेलं की काठी एकतर उघडत नाही किंवा उघडली तर मिटत नाही. तलावावर ठीक आहे. १५० ग्रॅम शिसं आणि खडप असेल तर नको.

दोन तुकड्यांची १२ फुटी काठी सगळ्यात मजबूत, पण एकेक तुकडा सहा फुटांचा, छोट्या गाडीत तिरका ठेवूनही कटकट. तीन तुकड्यांची काठी हा मधला मार्ग. एक तुकडा साधारण चार फूट, गाडीच्या मागच्या सीटवर किंवा बाइकला आडव्याऐवजी उभा बांधता येतो.

कड्या तपासायच्या राहतात. कानात घालायची कापसाची काडी घ्या आणि प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा धागा कुठे अडकला तर तिथे तडा आहे आणि तो तुमची तंगूस कापणार. रीळ बसवायची जागा स्क्रूने घट्ट होणारी असावी, नुसती सरकती कडी असलेली नको.

ज्यांना शिसं-आमिष नकोच, प्लास्टिकचे खोटे मासे फेकायचे आहेत, त्यांचं गणित वेगळं. त्यांना ९ ते १० फूट आणि २० ते ६० किंवा ८० ग्रॅमची काठी चालते. पाण्याच्या वरून पळणारं आमिष खडकात कमी अडकतं, रावस आणि जिताड्याला ते आवडतंही. पण एकेका खोट्या माशाची किंमत बघून अनेक जण परत कोळंबीवर येतात.

काठी बरोबर, पण दोरी?

काठीइतकीच चूक इथे होते. आजकाल सगळ्यांना विणलेली, पातळ, 'ब्रेड' दोरी हवी असते. ओढून बघितली तर ती तुटत नाही, पण ताणलेली असताना कालवाच्या कडेला लागली की पटकन जाते. खडपात जाड तंगूस जास्त टिकते. ०.४५ ते ०.५० मिलिमीटर, म्हणजे साधारण १२ ते १५ किलो ताणाची. रीळ ६००० ते ८००० आकाराचं घ्या, कारण ही जाड दोरी लहान रिळावर मावत नाही. शिवाय शिसं पटापट वर उचलून खडकांच्या वरून आणायला मोठं रीळच लागतं. गुंडाळायला सुरुवात केली की थांबायचं नाही. थांबलात की ते खाली बसतं, अडकतं.

ब्रेड वापरायचीच असेल तर पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडावा लागतो. जुना नियम असा की शिशाच्या दर औंसामागे १० पाउंड ताकद. १५० ग्रॅम म्हणजे सव्वापाच औंस, म्हणजे ५५ पाउंड, साधारण २५ किलो. हा तुकडा फेकताना शिसं तुटून उडू नये म्हणूनही असतो. १५० ग्रॅमचं शिसं सुटून शेजाऱ्याच्या डोक्याला लागलं तर काय होईल हे सांगायला नको.

आणि एक युक्ती. शिसं मुख्य दोरीला थेट न बांधता पाच किलो ताणाच्या बारीक तंगुसाने बांधायचं. शिसं अडकलं की तेवढाच तुकडा तुटतो, गळ आणि मासा परत येतो. मात्र असं बांधल्यावर जोरात झोका देऊन फेकू नका, अलगद टाका. परदेशातल्या खडकाळ किनाऱ्यांवर शिशाऐवजी जुने स्पार्क प्लगही बांधतात. दुचाकींच्या पुण्यात ते कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतील. शिसं विषारी असतं, त्यामुळे ते पाण्यात जितकं कमी जाईल तितकं बरं.

आमिष सकाळच्या बाजारातच घ्या. कोळंबी मऊ, लवकर निघून जाते. माकूल चिवट असतं, छोट्या माशांच्या चोचण्यानेही गळावर टिकतं. गळावर केंड आला, म्हणजे हात लावला की फुग्यासारखा फुगणारा मासा, तर तो खायचा विचारही करू नका, विषारी असतो. त्याचे दात तंगूस सहज कापतात. शिंगाळ्याच्या काट्यांपासून हात लांब ठेवा.

कुठे उभं राहायचं?

खरं तर हा प्रश्न काठीच्या आधी यायला हवा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातल्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले. ते काही मासे धरायला गेले नव्हते आणि तो पावसाळाही नव्हता. कोकणचा समुद्र सुट्टीच्या दिवशी शांत दिसतो, म्हणून तो शांत असतोच असं नाही.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा, आणि तेव्हाच उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. याचा अर्थ असा की पौर्णिमेच्या शनिवारी सकाळी सहाला ओहोटीत चालत गाठलेला ओटा दुपारी बाराला पाण्याखाली असतो. हा अंदाज आहे, नेमकी वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी.

पाणी एकसारखं चढत नाही, हे फार जणांना माहीत नसतं. सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकूण चढापैकी निम्मा चढ होतो. पाणी ३ मीटर चढणार असेल तर या दोन तासांत दीड मीटर. पहिले दोन तास काहीच होत नाही असं वाटतं, मासे लागायला लागतात आणि मागे वळून बघितलं तर परतीच्या वाटेवर छातीइतकं पाणी असतं. म्हणून गरवायला भरतीचे पहिले दोन तास वापरा आणि परतीची घळ कोरडी असतानाच उठा.

उभं राहायच्या जागेकडे आधी वीस मिनिटं नुसतं बघत बसा. दगड ओला असेल तर तिथे लाट येते, मग तुम्हाला ती दिसलेली असो वा नसो. लांबच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा इथे वारा नसतानाही पोहोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते, ते निघण्याआधी बघता येतात. जून ते सप्टेंबर खडपात जाऊच नये.

मासा पायाखाली आला की खरा धोका सुरू होतो. तो घ्यायला माणूस एक पायरी खाली उतरतो, पाठ समुद्राकडे करतो आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट येते. त्याला काठीने सरळ वर उचलायला गेलात तर टोक तुटतं. लाटेबरोबर त्याला ओट्यावर येऊ द्या किंवा लांब दांड्याची जाळी ठेवा. दोन्ही जमलं नाही तर तंगूस कापा. एकट्याने जाऊ नका. लाइफ जॅकेट घाला आणि सोबत दोर ठेवा. कुणी पडलं तर त्याच्या मागे उडी न मारता दोर किंवा रिकामा कॅन फेका आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा.

जागा निवडताना स्थानिकांना विचारलेलं बरं. जाळी कुठे लावलेली असतात, जांभ्याची कुठली कड खालून पोकळ झालीय, हे नकाशावर नसतं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान आकारही ठरवून दिलाय. पिल्लू गळाला लागलं तर ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडा.

परत आल्यावर काठी तशीच गाडीत टाकू नका. त्याच रात्री, लॉजच्या बाथरूममध्ये का होईना, तिचे तुकडे सुटे करून गोड्या पाण्याने धुवा, कड्या आणि रिळाची बैठक नीट पुसा, सावलीत वाळवा. मीठ रात्रभर राहिलं की बैठकीचा स्क्रू पुण्यात पोहोचेपर्यंत जाम झालेला असतो.